संगणकीय जीवशास्त्रात पदवी घ्यायची, तर पदवीच्या वर्षांत नेमके काय शिकावे?

तुम्ही लातूरहून विचारले आहे की, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय आहेत, वैद्यकीय शाखेची ओढ नाही आणि संगणकीय जीवशास्त्रात काम करण्याची मनापासून इच्छा आहे. अशा वेळी एका खासगी विद्यापीठातील बायोइन्फर्मॅटिक्सची महागडी पदवी घ्यावी, की जवळच्या अनुदानित महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी. जोडीला तुमच्या वडिलांची शंका आहे की, प्रथिनांची रचना आता संगणकच सांगू लागला असेल, तर या विषयात माणसाला काम उरणार आहे का. मी या क्षेत्रात वीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन इकडे आले आणि गणित मागाहून, नोकरी सांभाळत, रात्री बसून शिकले. त्यामुळे पुढे लिहिते आहे त्यातील बराचसा भाग मला त्या वयात कोणीतरी सांगायला हवा होता, असा आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. पदवीची तीन-चार वर्षे अशा गोष्टी शिकण्यात घालवावीत, ज्या नंतर एकट्याने शिकणे फार अवघड जाते. एखादे सॉफ्टवेअर कसे चालवायचे हे पंचविसाव्या वर्षीही पंधरा दिवसांत शिकता येते. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अल्गोरिदमचा विचार या गोष्टी मात्र शिक्षक, गृहपाठ आणि परीक्षा यांच्या रेट्याशिवाय बहुतेकांना जमत नाहीत, आणि प्रयोगशाळेतला हात तर संस्थेबाहेर मिळतच नाही. या कसोटीवर पाहिले की पदवीच्या नावाचे महत्त्व बरेच कमी होते आणि अभ्यासक्रमातील विषयांचे वाढते.

हे पटण्यासाठी या क्षेत्रात प्रत्यक्ष काय चालते ते पाहावे लागेल. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील, रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली, तेव्हा तेथील नमुन्यांत करोना विषाणूचा बी.१.६१७ हा प्रकार वरचेवर दिसू लागला होता. त्याच्या काटेप्रथिनात (स्पाइक प्रोटीन) ४५२ आणि ४८४ या स्थानांवर बदल झालेले होते, आणि त्याच्याच एका उपशाखेला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ मध्ये डेल्टा हे नाव दिले. या विषाणूचा जनुकसंच, म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर, सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. यंत्र तो एका दमात वाचत नाही, लहान लहान तुकड्यांत वाचते. ते तुकडे मूळ क्रमावर बसवणे, कोठे कोणते अक्षर बदलले ते नोंदवणे, हजारो नमुन्यांतील बदलांवरून विषाणूंची वंशावळ काढणे, ही सगळी कामे संगणक करतो आणि त्यासाठीची साधने तयार आहेत. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. एखादा प्रकार वाढतो आहे तो खरोखर अधिक वेगाने पसरतो म्हणून, की एखाद्या लग्नसमारंभातून योगायोगाने तोच आधी गावभर गेला म्हणून? या प्रश्नाचे उत्तर देणारे बटण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यासाठी उत्क्रांतीचा विचार, नमुने कोणाचे आणि कसे गोळा केले याची जाण आणि संभाव्यतेचे पक्के गणित, या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात असाव्या लागतात. माझ्या दृष्टीने संगणकीय जीवशास्त्र म्हणजे हे. बायोइन्फर्मॅटिक्स हा शब्द त्यातील माहिती साठवणे, शोधणे आणि जुळवणे या बाजूकडे अधिक झुकतो; पण व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि प्रवेश घेताना त्या फरकावर वेळ घालवण्याची गरज नाही.

गणित किती लागते, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही. पण निर्णय त्यावरच अवलंबून असल्याने येथे थोडी थांबते. दोन प्रथिने एकमेकांची नातेवाईक आहेत का हे पाहण्यासाठी त्यांचे क्रम (अमिनो आम्लांची ओळ, प्रत्येक आम्लाला एक अक्षर) शेजारी ठेवून, मध्ये कोठे कोठे रिकाम्या जागा सोडत, जास्तीत जास्त अक्षरे जुळवायची असतात. ३०० अक्षरांची दोन प्रथिने जुळवण्याच्या शक्यता इतक्या प्रचंड आहेत की एकेक तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दाखवून दिले की, ३०० गुणिले ३०० म्हणजे ९०,००० घरांचा एक तक्ता भरला, आणि प्रत्येक घर आधी भरलेल्या घरांकडे पाहून भरले, की सर्वोत्तम जुळणी हमखास सापडते. १९८१ मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी तीच कल्पना क्रमांच्या तुकड्यांपुरती जुळणी शोधण्यासाठी वळवली. पुढे माहितीचे साठे एवढे फुगले की असा तक्ताही परवडेना, आणि १९९० मध्ये ब्लास्ट हे क्रम शोधण्याचे साधन आले. ते हमखास सर्वोत्तम उत्तराचा आग्रह सोडते, पण मिळालेली जुळणी निव्वळ योगायोगाने मिळण्याची अपेक्षा किती, हे एका आकड्यात सांगते. आज पदवीचा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात ब्लास्ट वापरतो. तो आकडा साठ्याच्या आकारावर अवलंबून असतो, म्हणजे तोच क्रम मोठ्या साठ्यात शोधला की तीच जुळणी कमी विश्वासार्ह ठरू शकते, हे मात्र मुलाखतीत विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांनी साधन शिकलेले असते, संभाव्यता शिकलेली नसते.

दुसरे उदाहरण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. माणसात प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. रुग्ण आणि निरोगी अशा दोन गटांत प्रत्येक जनुक किती सक्रिय आहे हे मोजून, निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल ती जनुके वेगळी काढायची, असे ठरवले, तर दोन्ही गटांत प्रत्यक्षात काहीही फरक नसतानासुद्धा सुमारे १,००० जनुके 'महत्त्वाची' म्हणून हाती लागतील. एका वेळी हजारो चाचण्या करताना हा धोका आटोक्यात कसा ठेवायचा, याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडली. सॉफ्टवेअर ती दुरुस्ती आपोआप करून देते, हे खरे. पण कोणत्या चाचण्या मोजणीत धरल्या आणि कोणत्या आधीच गाळल्या हे माणूस ठरवतो, आणि तेथे चूक झाली तर पुढच्या दोन वर्षांचे प्रयोग चुकीच्या जनुकावर होतात.

संगणकशास्त्राचेही असेच आहे. माणसाचा जनुकसंच सुमारे ३१० कोटी अक्षरांचा असून तो सरासरी तीस वेळा वाचायचा म्हटले, तर १५० अक्षरांचे सुमारे ६२ कोटी तुकडे होतात. हे तुकडे काही तासांत जागेवर बसवणाऱ्या, २००९ मध्ये आलेल्या प्रोग्रामांच्या मुळाशी बरोज आणि व्हीलर यांनी १९९४ मध्ये फाईल लहान करण्यासाठी शोधलेली एक युक्ती आहे. माहितीरचना आणि अल्गोरिदम हा विषय रुक्ष म्हणून टाळणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

गणिताचे एवढे सांगितल्यावर प्रयोगशाळेबद्दलही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे, कारण संगणकाकडून आलेले विद्यार्थी येथे फसतात. सर्व रुग्णांचे नमुने सोमवारी आणि सर्व निरोगी व्यक्तींचे गुरुवारी, वेगळ्या रसायनाच्या बाटलीने तयार केले असतील, तर विश्लेषणात दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. ज्याने स्वतः पिपेट धरलेले आहे, पेशींतून आरएनए काढताना तो नासलेला पाहिला आहे, तो आकडे उघडण्याआधी हा प्रश्न विचारतो. माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी जनुकांची स्थाने मानवी जनुकसंचाच्या २००९ च्या आवृत्तीतून आणि रुग्णांमधील बदलांची स्थाने २०१३ च्या आवृत्तीतून घेतली. आवृत्ती बदलली की स्थानांचे क्रमांक सरकतात; पण दोन्ही फाईली दिसायला सारख्याच असतात, प्रोग्रामने तक्रार केली नाही आणि निष्कर्ष अगदी सुबक दिसत होते. प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यातील एक बदल प्रत्यक्ष तपासण्यासाठी घेतला, तेव्हा तेथे ते जनुकच नव्हते. माझे तीन आठवडे आणि त्याची महागडी रसायने वाया गेली. तेव्हापासून कोणतीही फाईल हाती घेतली की ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे मी पहिल्या ओळीत लिहिते आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही लिहायला लावते.

आता तुमच्यासमोरच्या पर्यायांकडे वळते. ज्या पदवीच्या नावातच बायोइन्फर्मॅटिक्स आहे ती वाईट असते, असे मुळीच नाही. पण तिचा अभ्यासक्रम मागवून घ्या आणि सत्रवार वाचा. पहिल्या दोन वर्षांत कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांना स्वतंत्र पेपर आहेत, की 'बायोमॅथेमॅटिक्स' नावाच्या एकाच पेपरात सगळे कोंबले आहे? प्रोग्रामिंग निदान तीन सत्रे आहे का, आणि त्यात विद्यार्थी स्वतः प्रोग्राम लिहितात, की तयार संकेतस्थळांवर क्रम चिकटवून आलेल्या चित्रांची वही भरतात? रेण्वीय जीवशास्त्राची प्रात्यक्षिके खऱ्या प्रयोगशाळेत होतात का? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः संशोधन प्रसिद्ध करते का? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि शुल्क कुटुंबाला कर्जाशिवाय झेपत असेल, तर प्रवेश जरूर घ्या. मात्र केवळ नावासाठी मोठे कर्ज काढू नका, कारण या क्षेत्रात चांगल्या कामासाठी पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ अटळ आहे आणि खर्चाची, तयारीची ताकद त्या टप्प्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

अनुदानित महाविद्यालयातील संख्याशास्त्राची पदवी मला तुमच्या बाबतीत अधिक भक्कम वाटते, एका अटीवर: जीवशास्त्र सुटता कामा नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा विषय मायनर म्हणून घेता येतो आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. संख्याशास्त्र मुख्य आणि जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र मायनर, अशी जोडी तुमच्या महाविद्यालयात मिळत असेल तर ती घ्या. वेळापत्रकात ती बसत नाही असे कार्यालयातून सांगितले गेले, तर एकदा प्राचार्यांना भेटा. या मार्गाचा आणखी एक फायदा आहे आणि तो घरच्यांना सांगण्यासारखा आहे: तीन वर्षांनी मन बदलले, तर संख्याशास्त्राच्या पदवीधराला इतर अनेक वाटा मोकळ्या असतात.

याशिवाय एक पर्याय तुम्ही लिहिलेलाच नाही, आणि चारही विषय असलेल्या विद्यार्थ्यासाठी तो सर्वांत योग्य आहे. पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) २००६ मध्ये सुरू झाली. तेथील पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीची वर्षे सर्वांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित शिकावे लागते आणि शेवटचे वर्ष संशोधनाला दिलेले असते. प्रवेशपरीक्षेत या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, त्यामुळे गणित सोडून बसलेले किंवा जीवशास्त्राला हात न लावलेले विद्यार्थी जेथे अडखळतात, तेथे तुमची बाजू भक्कम आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातील मूलभूत विज्ञान केंद्र आणि भुवनेश्वरची नायसर (राष्ट्रीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.साठी नेस्ट ही परीक्षा आहे. अभियांत्रिकीकडे कल असेल तर दिल्लीच्या आयआयआयटीत संगणकशास्त्र आणि जैवविज्ञान अशी जोड-बी.टेक. आहे. तेथे संगणकशास्त्राचा पाया कडक आहे.

पदव्युत्तर टप्प्याचा विचार आत्ताच करून ठेवा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारायला घेतले, त्यात पुणे विद्यापीठाचे केंद्र होते. इंटरनेट घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी तेथे हा विषय शिकवला जाऊ लागला होता. प्रथिनाचा कोणता तुकडा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल, याचा अंदाज बांधणारी कोळसकर आणि टोंगावकर यांची पद्धत १९९० ची आहे आणि लसींवरील संशोधनात तिचा उल्लेख आजही होतो. अशा केंद्रांतील एम.एस्सी.ला संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, आणि त्यांचे एकमेकांकडून होणारे शिक्षण शिक्षकांकडून होणाऱ्या शिक्षणाइतकेच मोलाचे असते.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहिते. केवळ बी.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सवर मिळणाऱ्या जागा थोड्या आहेत आणि त्यांतील अनेक जागांचे काम माहिती नोंदवणे आणि तपासणे एवढेच असते. चांगल्या एम.एस्सी. किंवा एम.टेक.नंतर पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील औषधनिर्मिती आणि जनुकीय तपासणीच्या कंपन्या, कर्करोगाच्या रुग्णालयांतील प्रयोगशाळा आणि संशोधनसंस्थांतील प्रकल्पांच्या जागा खुल्या होतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीत गेलेल्या मैत्रिणीपेक्षा बहुधा कमी असेल. स्वतंत्र संशोधन करायचे असेल तर पीएचडी धरून बारावीनंतर दहा वर्षे मोजावीत. घरी हे आकडे आजच सांगा. नंतर सांगितल्याने निर्माण होणारा ताण मी अनेक गुणी विद्यार्थ्यांच्या घरात पाहिला आहे.

वडिलांच्या शंकेकडे येते. ती रास्त आहे. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामने २०२० मध्ये प्रथिनांच्या रचनेच्या अंदाजात जी मजल मारली ती आमच्यापैकी अनेकांना आपल्या हयातीत अपेक्षित नव्हती. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल संगणकावर नवी प्रथिने घडवणारे बेकर आणि अल्फाफोल्डचे हसाबिस व जंपर यांना मिळाले. पण हे यंत्र कशावर शिकले तेही पाहावे. १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून शोधलेल्या आणि एका सामायिक साठ्यात जमा केलेल्या रचना, आणि उत्क्रांतीत एकमेकांबरोबर बदलत गेलेल्या अक्षरांच्या खुणा, हा त्याचा आधार आहे. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, हे दाखवणारा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही कोणतीही नवी रचना, मग ती प्रयोगातून आलेली असो वा संगणकाने सुचवलेली, त्या नकाशावर ठेवून तपासली जाते. एखाद्या मुलाच्या जनुकात एकच अक्षर बदलले आहे, तर त्यामुळे प्रथिन बिघडेल का, ते दुसऱ्या कोणत्या प्रथिनाशी जुळणे थांबवेल, आणि औषध कोठे बसवावे, हे प्रश्न अंदाजित रचनेने सोपे झाले आहेत, सुटलेले नाहीत. काम संपले नाही, त्याची पातळी वर गेली. क्रम चिकटवून चित्र काढणाऱ्याची गरज मात्र खरोखर कमी होत जाईल, आणि म्हणूनच पदवीत काय शिकावे याबद्दल मी इतका आग्रह धरते आहे.

भारतापुरते पाहिले तर माहितीची टंचाई आता राहिलेली नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातील १०,००० व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत (इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर) संशोधकांसाठी उपलब्ध करण्यात आली. ती समजून घेणारी, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही जाणणारी माणसे हवी आहेत.

बोर्डाची परीक्षा संपल्यावर महाविद्यालय सुरू होईपर्यंत जो मोकळा काळ मिळेल, त्यात एवढे करा. पायथन भाषेची तोंडओळख करून घ्या. त्यासाठी साधा संगणक पुरेसा आहे आणि शिकवणारे साहित्य विनामूल्य मिळते. एक्सेलवर मात्र विसंबू नका. मार्च आणि सेप्ट अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या जनुकांच्या नावांच्या ते आपोआप तारखा करून टाकत असे, आणि अखेर २०२० मध्ये त्या जनुकांची नावेच बदलावी लागली. मग करोना विषाणूचा संदर्भक्रम अमेरिकेच्या एनसीबीआय या सार्वजनिक साठ्यातून उतरवून घ्या आणि चारही अक्षरे किती वेळा येतात ते मोजणारा प्रोग्राम कोणाचीही नक्कल न करता स्वतः लिहा. एकूण २९,९०३ अक्षरे भरली, तर फाईल नीट वाचली गेली. त्यांत टी हे अक्षर सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ३२ टक्के, आणि सी सर्वांत कमी, सुमारे १८ टक्के दिसेल. हे प्रमाण असे विषम का असावे, याची तुम्हाला सुचतील तेवढी कारणे वहीत लिहा, आणि त्यातील प्रत्येक कारण खरे की खोटे हे ठरवायला आणखी कोणती माहिती लागेल तेही शेजारी लिहा. आयसरचा अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या धावपळीतच भरावा लागतो, तेवढी तारीख आधी पाहून ठेवा. ती वही मला पाठवलीत, तर मी ती वाचेन आणि उत्तर देईन.